दहा वर्षांनी येणारे उत्तर

१९५७च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील युजीन क्लायनर या मेकॅनिकल इंजिनीअरने न्यूयॉर्कच्या हेडन स्टोन या दलाल पेढीला एक पत्र लिहिले. पेढीत त्याच्या वडिलांचे खाते होते, ओळख तेवढीच. विल्यम शॉकली यांच्या प्रयोगशाळेत साहेबांच्या जाचाला विटलेले काही तरुण संशोधक आणि अभियंते एकत्रच बाहेर पडायच्या विचारात होते. या सगळ्यांना एकगठ्ठा कामावर घेईल अशी कंपनी आपल्या पाहण्यात आहे का, अशी विचारणा पत्रात होती. ते आर्थर रॉक या तरुण कर्मचाऱ्याच्या टेबलावर आले. तो वरिष्ठांना घेऊन कॅलिफोर्नियात दाखल झाला आणि नोकरी शोधण्यापेक्षा कंपनीच काढा, असा सल्ला त्याने या मंडळींना दिला. करारनामा तयार नव्हता, म्हणून एकेक डॉलरच्या दहा कोऱ्या नोटांवर सगळ्यांनी सह्या केल्या. त्यातून फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली. पुढे १५ वर्षांनी, १९७२ मध्ये, क्लायनर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. ह्यूलेट-पॅकार्डमधून आलेल्या टॉम पर्किन्सबरोबर त्याने ८० लाख डॉलरचा स्वतःचा फंड काढला.

अभियंत्याने गुंतवणूकदार होण्याची वाट अशी जुनी आहे. आज ती वाट हिंजवडी, खराडी आणि बंगळूरमधले सॉफ्टवेअर अभियंते विचारू लागले आहेत. दहा-बारा वर्षांचा अनुभव, हाती थोडे ईसॉपचे, म्हणजे कंपनीने दिलेल्या शेअरचे, पैसे आणि तेच ते काम करून आलेला थोडा कंटाळा एवढ्या शिदोरीवर 'व्हेंचर कॅपिटलमध्ये कसे जायचे?' हा प्रश्न ते विचारतात. त्यांना मिळणारी उत्तरे ठरलेली आहेत: एमबीए करा, ताळेबंद वाचायला शिका, ओळखी वाढवा. ही उत्तरे खोटी नाहीत, पण ती प्रश्नाच्या कडेकडेने जातात. ताळेबंद वाचणे हुशार अभियंत्याला सहा महिन्यांत जमते. जे वर्षानुवर्षे जमत नाही ते आहे चुकीबद्दलचे आपले मन बदलणे. या पेशांतराची खरी किंमत तिथे मोजावी लागते, असे आमचे मत आहे.

अभियंत्याचा दिवस आठवून पाहा. कोड लिहिला, टेस्ट चालवली, लाल दिवा लागला. चूक कुठे आहे ते लॉग सांगतो. दुरुस्ती केली की दिवा हिरवा होतो. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन कोसळले तरी आधीची आवृत्ती परत चढवता येते, आणि सकाळपर्यंत कारण सापडते. चूक लवकर दिसते, एकट्याने दुरुस्त करता येते आणि सहसा परत फिरवता येते. या तीन गोष्टींवर अभियंत्याचा सगळा पिंड पोसलेला असतो. चांगल्या अभियंत्याला चूक सहन होत नाही, आणि होऊही नये.

गुंतवणूकदाराने धनादेश दिला की तो परत फिरवता येत नाही. निर्णय बरोबर होता की चूक, हे कळायला सात-आठ वर्षे जातात, आणि तेव्हाही नीट कळत नाही. कंपनी चांगली असून बाजार बसला म्हणून बुडते. कंपनी सामान्य असून वेळ साधली म्हणून तरते. अमेरिकेत २००४ ते २०१३ या काळातील वीस हजारांहून अधिक गुंतवणूक-फेऱ्या करिलेशन व्हेंचर्स या फंडाने तपासल्या, तेव्हा त्यांतल्या सुमारे ६५ टक्के फेऱ्यांत घातलेली रक्कमही पूर्ण परत आली नव्हती. दहापट किंवा त्याहून जास्त परतावा देणाऱ्या होत्या जेमतेम ४ टक्के. ज्याचे तीनपैकी दोन प्रोग्रॅम चालत नाहीत त्याला कोणी अभियंता म्हणणार नाही. गुंतवणुकीत मात्र तेवढे चुकूनही माणूस आपल्या पिढीतला नावाजलेला ठरू शकतो.

हे असे का, हे समजायला एका फंडाचा हिशेब मांडून पाहू. समजा, फंड २०० कोटी रुपयांचा आहे आणि मुदत दहा वर्षांची. दरसाल २ टक्के व्यवस्थापन शुल्क म्हणजे ४ कोटी. त्यातून पगार, जागेचे भाडे, वकील, प्रवास भागवायचा. म्हणूनच अशा फंडात माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी असतात आणि जागा क्वचित निघतात. पुढची वर्षे शुल्क कमी होत गेले तरी एकूण तीस-पस्तीस कोटी तिकडे जातात. उरलेल्या १६५ कोटींत वीस-पंचवीस कंपन्यांत पैसे घालायचे, आणि पैसे देणाऱ्यांना दहा वर्षांत तिप्पट, म्हणजे ६०० कोटी, परत करायचे. सुरुवातीला घेतलेला हिस्सा पुढच्या फेऱ्यांत पातळ होत होत शेवटी समजा १२ टक्के उरतो. मग एकाच कंपनीतून ६०० कोटी यायचे तर ती कंपनी ५,००० कोटींची व्हायला हवी. १०० कोटींना विकली गेलेली, प्रामाणिकपणे चाललेली, पन्नास-साठ घरे पोसणारी कंपनी फंडाच्या पदरात टाकते १२ कोटी. फंडाच्या हिशेबात तिने काही हलत नाही.

नव्याने आलेला अभियंता इथेच अडखळतो. चांगली कंपनी आणि फंडाच्या कामाची कंपनी यांत त्याला फरक दिसत नाही, कारण अभियांत्रिकीत चांगले ते चांगलेच असते. चांगल्या कंपनीला, चांगल्या माणसाला, तोंडावर नाही म्हणायची वेळ या पेशात आठवड्यातून अनेकदा येते.

या वाटेने गेलेल्यांची चरित्रे पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. कोडवरून थेट धनादेशावर फारसे कोणी गेलेले नाही. मधे स्वतःची कंपनी चालवण्याचा एक मोठा टप्पा आहे आणि तिथे बहुतेकांचे हात पोळले आहेत. मार्क अँड्रीसनने इलिनॉय विद्यापीठात शिकत असताना एरिक बिनाच्या साथीने मोझेक हा ब्राउझर लिहिला. तो १९९३ मध्ये लोकांपुढे आला. पुढच्या वर्षी नेटस्केप निघाली आणि ९ ऑगस्ट १९९५ रोजी शेअर बाजारात गेली. एवढ्यावर तो गुंतवणूकदार झाला असता तर एक यशस्वी मुलगा पैसे वाटतो आहे, एवढेच झाले असते. पण १९९९ मध्ये बेन होरोविट्झसह काढलेली लाउडक्लाउड डॉट-कॉमच्या पडझडीत सापडली. अर्धा धंदा विकून, नाव बदलून, ऑप्सवेअर म्हणून ती जगवावी लागली, तेव्हा कुठे २००७ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने सुमारे १६० कोटी डॉलरला ती घेतली. अँड्रीसन होरोविट्झ हा फंड २००९ चा, ३० कोटी डॉलरचा. संस्थापक रात्री का झोपत नाही, हे या दोघांना कुणी सांगावे लागत नव्हते.

पॉल ग्रॅहमचा मार्ग वेगळा. त्याने आणि रॉबर्ट मॉरिसने १९९५ मध्ये लिस्प भाषेत व्हायावेब लिहिले, दुकानदारांना इंटरनेटवर दुकान थाटून देणारे. १९९८ मध्ये याहूने ते विकत घेतले. २००५ मध्ये नव्या कंपन्यांना सुरुवातीचे पैसे देणारे त्याचे वाय कॉम्बिनेटर सुरू झाले तेव्हा पहिल्या तुकडीत आठ चमू होते आणि दर संस्थापकामागे रक्कम होती सुमारे ६,००० डॉलर. आम्हाला यातली अभियंत्याची नजर फार मोलाची वाटते. एकेका कंपनीवर वर्षभर खल करण्याऐवजी थोड्या रकमेचे पुष्कळ प्रयोग एकदम करायचे, म्हणजे उत्तर लवकर मिळते. चूक उशिरा कळते हा या धंद्याचा दोष त्याने थोडा तरी कमी केला.

विनोद खोसला यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. जन्म पुण्याचा, १९५५ चा. शिक्षण आयआयटी दिल्ली, कार्नेगी मेलन आणि स्टॅनफर्ड. १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या चार संस्थापकांपैकी ते एक, आणि १९८६ पासून क्लायनर पर्किन्समध्ये. जुनिपर नेटवर्क्समध्ये त्यांनी अगदी आरंभी घातलेल्या काही दशलक्ष डॉलरचे पुढे काही अब्ज झाले. तिथे त्यांची तांत्रिक समज थेट कामाला आली: इंटरनेटचा भार वाढत जाणार आणि जुनी यंत्रणा तो पेलणार नाही, हे त्यांना इतरांआधी दिसले. पण त्याच तांत्रिक आत्मविश्वासाने त्यांनी लाकडापासून इंधन बनवणाऱ्या किओर या कंपनीवर मोठी बाजी लावली. ती २०११ मध्ये शेअर बाजारात गेली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. प्रयोगशाळेत चाललेली रासायनिक प्रक्रिया कारखान्यात हव्या त्या भावात चालली नाही. त्यानंतरही, २०१९ मध्ये, त्यांनी स्वतः काढलेल्या फंडाने ओपनएआयमध्ये ५ कोटी डॉलर घातले. एकाच माणसाची एकच नजर एकीकडे पारखी ठरते आणि दुसरीकडे फसते. सन मायक्रोसिस्टिम्समधलेच बिल जॉय हे त्यांच्या काळातले पहिल्या रांगेतले प्रोग्रॅमर. व्हीआय हा एडिटर त्यांच्या हातचा. २००५ मध्ये तेही क्लायनर पर्किन्समध्ये भागीदार झाले, पण गुंतवणूकदार म्हणून त्यांचे नाव प्रोग्रॅमर म्हणून झाले तितके कधी झाले नाही. उलट गूगलमध्ये सुरुवातीला पैसे घालणारे सिक्वोया या फंडाचे मायकेल मॉरिट्झ हे मूळचे पत्रकार.

मग अभियंता असण्याचा उपयोग कुठे? उपयोग आहे, आणि मोठा आहे. रक्ताच्या काही थेंबांत शेकडो चाचण्या करण्याचा दावा करणाऱ्या थेरॅनॉसमध्ये श्रीमंत घराण्यांचे पैसे ओतले गेले. वैद्यकीय क्षेत्र जाणणारे फंड मात्र बहुतांशी लांब राहिले. जाणकाराने यंत्राचे झाकण उघडून दाखवा म्हटले की बरेच प्रश्न तिथेच मिटतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या लाटेत तर हे रोजचे काम आहे. दाखवलेला डेमो कितपत स्वतःचा, कितपत दुसऱ्याच्या मॉडेलवर चढवलेला मुलामा, ग्राहक वाढला की खर्च किती पटीने वाढेल, हे कोड वाचू शकणाऱ्यालाच तासाभरात कळते.

पण झाकण उघडल्यावर काम अर्धेच होते. एक उदाहरण जवळून पाहू. समजा, निफाड तालुक्यातली एक कांदा चाळ आहे, २५ टनांची. जाळीच्या भिंती, जमिनीपासून उचललेला तळ, वर पत्रा. एप्रिल-मेमध्ये भरलेला उन्हाळ कांदा त्यात दिवाळीच्या सुमारापर्यंत ठेवायचा असतो. एक तरुण चमू येतो आणि सांगतो, आमचे यंत्र हवेतला ओलावा, तापमान आणि सडणाऱ्या कांद्याचा वायू ओळखते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर इशारा पाठवते. अभियंता-गुंतवणूकदार चाळीत जातो. धुळीने सेन्सर भरकटतो का, वीज गेली तर बॅटरी किती टिकते, रेंज नसेल तर नोंदी कुठे साठतात, खोटा इशारा किती वेळा येतो, हे सगळे तो नेमके विचारतो. समजा, सर्व उत्तरे समाधानकारक आली.

आता पुढचा प्रश्न. जुलैत इशारा आला, डाव्या कोपऱ्यात कांदा सडतोय. शेतकरी काय करील? चाळ फोडायची, मजूर बायका लावून कांदा निवडायचा, तर मजुरी आजच द्यावी लागते. निवडलेला माल परत भरण्यात अर्थ नाही, तो विकावा लागतो. लासलगावला भाव चांगला असेल तर इशाऱ्याविनाही त्याने विकलाच असता. भाव पडलेला असेल तर मजुरीचा खर्च अंगावर घेण्यापेक्षा तो थांबून पाहतो, कारण त्याने कांदा साठवला आहे तोच भाववाढीच्या आशेवर. म्हणजे यंत्र बरोबर सांगते, पण त्यावरून शेतकऱ्याचा निर्णय बदलेलच असे नाही. यंत्राचे पैसे मग कोण देणार? कदाचित साठ्यावर कर्ज देणारी बँक देईल, कदाचित शेतकरी उत्पादक कंपनी, कदाचित निर्यातदार. आणि डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात केंद्राने कांद्याची निर्यातच बंद ठेवली होती. तसे पुन्हा झाले तर निर्यातदाराच्या भरवशावर बांधलेला हिशेब एका अधिसूचनेने कोसळतो.

यातला एकही प्रश्न कोडमध्ये दिसत नाही. चाळीच्या दारात उभे राहून, शेतकऱ्याबरोबर चहा घेऊन, मागच्या तीन वर्षांत कांदा कधी विकला आणि का विकला असे विचारले तरच तो दिसतो. आणि सगळे पाहून कदाचित निष्कर्ष असा निघेल की हा तीन-चार हजार चाळींचा, वीस माणसांना नीट पोसणारा, उत्तम धंदा आहे, फक्त फंडाचा नाही. त्या वेळी संस्थापकांना स्पष्ट सांगणे हे गुंतवणूकदाराचे कर्तव्य आहे: आमचे पैसे घेऊ नका, ते घेतले तर पाच वर्षांत लाख चाळींचा हट्ट धरावा लागेल आणि त्यात तुमची कंपनी मरेल, बँकेचे कर्ज घ्या, अनुदान मिळवा, ग्राहकांच्या पैशांवर वाढा. हे न सांगितल्यामुळे कितीतरी धडधाकट व्यवसाय जबरदस्तीने फुगवले गेले आणि फुटले. आमच्या मते या पेशातला हा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे.

भारतात या पेशात शिरायचे व्यवहार कसे चालतात, हे थोडक्यात. आयसीआयसीआय आणि यूटीआय यांनी १९८८ मध्ये टीडीआयसीआय ही कंपनी काढली, तिथून आपल्याकडच्या संघटित साहसवित्ताची सुरुवात धरली जाते. सेबीचे पहिले नियम १९९६ चे. आज फंड चालतात ते २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली. फंडात पैसे घालणाऱ्याला किमान १ कोटी रुपये घालावे लागतात, आणि फंड चालवणाऱ्याने स्वतःचे म्हणून निधीच्या अडीच टक्के किंवा ५ कोटी, यांतली कमी असेल ती रक्कम गुंतवावी लागते. नफ्यातला साधारण २० टक्के वाटा, ज्याला कॅरी म्हणतात, तो हाती यायला आठ-दहा वर्षे लागतात. मोठ्या कंपनीतला वरिष्ठ अभियंता कनिष्ठ पदावर फंडात आला तर त्याचा पगार बहुधा घटतो. घराचा हप्ता आणि मुलांची शाळा सांभाळून हे परवडेल का, याचा विचार नवरा-बायकोने आधी बसून करावा. तुलनेने सोपा मार्ग म्हणजे नोकरीत राहून ओळखीच्या संस्थापकांना मदत करणे, एखाद्या फंडासाठी तांत्रिक छाननी करणे आणि परवडेल तेवढी छोटी रक्कम इतरांसोबत घालणे. नव्या कंपन्यांतल्या गुंतवणुकीवरचा, २०१२ मध्ये आलेला एंजल टॅक्स २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाल्यापासून त्यातली एक मोठी डोकेदुखी गेली आहे.

टर्मशीट हा गुंतवणुकीच्या अटींचा कागद मात्र अभियंत्याने स्वतः, पेन घेऊन वाचावा. त्यातले एकच कलम पाहू. गुंतवणूकदाराने १० कोटी घालून २० टक्के हिस्सा घेतला. कंपनी अखेर २० कोटींनाच विकली गेली. हिश्श्याप्रमाणे त्याचे ४ कोटी होतात. पण कराराप्रमाणे त्याला आधी मुद्दल मिळायचे असेल तर तो १० घेतो आणि बाकी सगळ्यांत १० उरतात. मुद्दल घेऊन वर हिस्साही मिळेल असे कलम असेल तर तो १० अधिक २, असे १२ घेतो. संस्थापक आणि ईसॉपवर विसंबलेले कर्मचारी ८ कोटींत वाटणी करतात. ज्या अभियंत्याने कधीकाळी स्वतः ईसॉप घेतले होते, त्याला या कागदावरच्या दोन ओळींमागे कुणाचे घर आहे हे ठाऊक असते. फंडाच्या बैठकीत त्याने ते बोलून दाखवावे, अशी आमची अपेक्षा आहे.

आणखी एक ऋण या वाटेवर आहे. आयआयटी मुंबईचे कंवल रेखी यांनी १९८२ मध्ये एक्सेलॅन काढली, ती पुढे नॉव्हेलमध्ये विलीन झाली. सिरस लॉजिकचे संस्थापक सुहास पाटील हे जमशेदपूरला जन्मलेले, आयआयटी खरगपूर आणि एमआयटीत शिकलेले. भारतीय अभियंता कोड चांगला लिहितो, कंपनी चालवणे त्याचे काम नव्हे, ही समजूत अमेरिकेत पक्की होती त्या काळात या पिढीने कंपन्या चालवून दाखवल्या. मग १९९२ मध्ये टाय ही संस्था उभारून नवख्यांना पैसे आणि त्याहून अधिक वेळ दिला. पवईच्या आवारातली माहिती-तंत्रज्ञानाची शाळा रेखींच्या नावाने ओळखली गेली ती त्यांच्या देणगीमुळे.

अभियंत्याने या पेशात येताना आपली एक सवय मात्र जरूर आणावी. प्रॉडक्शन कोसळल्यानंतर चांगल्या चमूत कुणाला दोष न देता काय घडले, केव्हा घडले, आपल्याला तेव्हा काय माहीत होते, हे लिहून काढतात. गुंतवणुकीत उत्तर दहा वर्षांनी येते, आणि तोवर माणसाची आठवण स्वतःच्या सोयीने बदललेली असते. बेसेमर व्हेंचर पार्टनर्स हा जुना फंड आपण नाकारलेल्या कंपन्यांची यादी जाहीर ठेवतो, त्यात अॅपल आहे, गूगलही आहे. एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्की यांनी २०१५ मध्ये आपल्याला २००८ साली आलेली नकाराची पत्रे प्रसिद्ध केली. दीड लाख डॉलरला कंपनीचा दहावा हिस्सा मिळत होता. सात गुंतवणूकदारांपैकी पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिले नाही. त्या पत्रांतली कारणे आज वाचताना मूर्खपणाची वाटत नाहीत. त्या दिवशी ती शहाणपणाचीच होती.

राजीनामा देण्याआधी हे घरबसल्या करून पाहता येते. ओळखीतल्या, वाचनातल्या किंवा प्रत्यक्ष पाहिलेल्या दहा नव्या कंपन्या निवडाव्यात. प्रत्येकीसाठी एक पान: पैसे घातले असते का, किती, कशासाठी, आणि कोणती एक गोष्ट खोटी ठरली तर आपला निर्णय चुकेल. निदान तीन कंपन्यांच्या ग्राहकांना जाऊन भेटावे, तेही संस्थापक सोबत नसताना. मग प्रत्येक पानावर तारीख घालून वही मिटावी, आणि दोन वर्षे तिला हात लावू नये.